तेरा किलोमीटरच्या अलीकडे

मुंबई-गोवा महामार्ग संगमेश्वर आणि निवळी मागे टाकून हातखंब्याला येतो. इथे एक रस्ता पश्चिमेला रत्नागिरी शहराकडे फुटतो. महामार्ग पुढे पालीकडे जातो, आणि पालीहून कोल्हापूरची वाट नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढते. मुंबईचे ट्रक, गोव्याला निघालेल्या गाड्या, कोल्हापूरच्या एसट्या, जयगड बंदराकडून येणारे गॅसचे टँकर असे सगळे या तिठ्यावरून जातात. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, महामार्ग पोलिसांचे मदत केंद्र आहे, आणि नाणीजच्या नरेंद्राचार्य महाराज संस्थानाच्या मोफत रुग्णवाहिका महामार्गावर सेवा देतात. जिल्हा शासकीय रुग्णालय रत्नागिरीत, म्हणजे सुमारे 13 किलोमीटरवर. डोंगराच्या कुशीत, डांबरी रस्त्यापासून लांब असलेल्या कोकणातल्या कितीतरी वाड्यांच्या मानाने हातखंब्याची स्थिती चांगलीच म्हणावी लागेल. तरीही हे प्रकरण मी मुद्दाम हातखंब्यावर उभे करतो आहे. रुग्णालय फार लांब असेल तर माणसे दोष अंतराला देतात. ते 13 किलोमीटरवर असेल तेव्हाच एक नेमका प्रश्न विचारता येतो: हे अंतर कोणत्या आजाराला परवडते आणि कोणत्याला नाही?

रस्ता मोकळा असेल तर तिठ्यापासून जिल्हा रुग्णालयाच्या दारापर्यंत वीस-पंचवीस मिनिटे धरू. गाडी मिळायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही. आषाढातला पाऊस किंवा रस्त्याचे काम असेल तर प्रवासाचा वेळही वाढवावा लागेल. आता हा आकडा शरीराच्या घड्याळाशेजारी ठेवून पाहा. मेंदूला प्राणवायू मिळणे थांबले की चार-पाच मिनिटांत त्याची कायमची हानी सुरू होते. मांडीची मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांतच माणूस रक्तस्रावाने जाऊ शकतो. घशात घास अडकून श्वासनलिका पूर्ण बंद झाली तर तेवढाही वेळ मिळत नाही. उलट सर्पदंश, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची घड्याळे बहुतेक वेळा तासांची असतात. त्यांचा खरा इलाज रुग्णालयातच असतो, आणि वाटेत घालवलेला प्रत्येक क्षण तोट्याचा ठरतो. आपल्याकडे कोणी कोसळला की पहिली हाक एकच उठते, ‘उचला, गाडीत घाला!’ ही हाक दुसऱ्या गटात अगदी बरोबर आहे आणि पहिल्या गटात जीव घेणारी आहे. प्रथमोपचार शिकायचा तो या दोन गटांतला फरक काही सेकंदांत ओळखता यावा म्हणून. पट्ट्या बांधण्याच्या पद्धती त्यानंतर येतात.

पहिल्या गटातला सर्वांत कठोर प्रसंग म्हणजे हृदय थांबणे. तो ओळखायला यंत्र लागत नाही. खांदे हलवून मोठ्याने हाक मारायची. माणूस प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही, एवढे दिसले की पुरे. ‘नीट’ या शब्दावर इथे फार काही अवलंबून आहे. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटे पुष्कळांची छाती अधूनमधून आचके देते, घशातून घरघर निघते. भोवतालचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, थांबा’, आणि नेमकी हीच मिनिटे हातची जातात. असे आचके म्हणजे श्वास नव्हे. अशा वेळी माणसाला कठीण जागेवर पाठीवर झोपवायचे, छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवायची, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, आणि मिनिटाला 100 ते 120 या गतीने छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली दाबायची. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण त्याच वेळी हृदयात रक्त परत भरते. शिकलेल्या माणसाने दर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत; न शिकलेल्याने प्रौढ माणसाच्या बाबतीत नुसते दाब चालू ठेवले तरी फार मोठे काम होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी ही पद्धत 1960 मध्ये जगापुढे मांडली. त्याआधी थांबलेले हृदय चालवायचे तर छाती उघडून ते हाताने दाबावे लागे. कोणालाही, कुठेही, दोन हातांनी करता यावे असे काही वैद्यकाने समाजाच्या हाती दिल्याची उदाहरणे मोजकीच आहेत, आणि हे त्यांतले एक आहे.

दाब न मिळता गेलेल्या प्रत्येक मिनिटामागे जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते असे मानतात. म्हणजे गाडी शोधण्यात पाच मिनिटे आणि रस्त्यात पंचवीस मिनिटे घालवून रुग्णालयात पोहोचवलेल्या माणसासाठी डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही. धावत्या रिक्षात किंवा टेम्पोच्या हौद्यात छाती नीट दाबताही येत नाही. म्हणून एकाने रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायचा, बाकीच्यांनी दर दोन मिनिटांनी आळीपाळीने दाब द्यायचे, आणि मदत येईपर्यंत जागा सोडायची नाही. याने खरोखर फरक पडतो का? डेन्मार्कने 2005 पासून शाळांमध्ये हे शिक्षण सक्तीचे केले, वाहन परवान्यासाठीही ते आवश्यक ठरवले. तिथल्या देशव्यापी नोंदींचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 2001 मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी सुमारे 21 टक्क्यांनाच जवळच्या माणसांकडून छातीचे दाब मिळत होते. 2010 मध्ये ते प्रमाण 45 टक्क्यांवर गेले. याच काळात तीस दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास 11 टक्क्यांवर आले. त्या दशकात तिथली रुग्णालयेही सुधारली होती, त्यामुळे सगळे श्रेय सामान्य नागरिकांच्या हातांना देणे बरोबर होणार नाही. पण जगून रुग्णालयात पोहोचणाऱ्यांची संख्याच वाढली, आणि ते काम रुग्णालय करू शकत नव्हते.

महामार्गावर मात्र हृदय थांबण्यापेक्षा रक्त वाहून जाणे अधिक वेळा दिसते. प्रौढ माणसात रक्त सुमारे पाच लिटर. त्यातला तिसरा हिस्सा गेला की रक्तदाब कोसळू लागतो. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने सरळ, जोरात दाबायचे आणि निदान दहा मिनिटे हात उचलायचा नाही. ‘थांबले का’ म्हणून मधेच कापड उचलून पाहणे ही सर्वांत नेहमीची चूक. तयार होत आलेली गुठळी त्याने सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवायचे. हात किंवा पाय चिरडून रक्त उसळ्या मारत असेल आणि दाबाने थांबतच नसेल, तर जखमेच्या वरच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी बांधून, तिच्यात काठी घालून पीळ द्यायचा, वेळ लिहून ठेवायची आणि रुग्णालयापर्यंत ती सैल करायची नाही. हीच पट्टी साप चावल्यावर बांधली तर अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते. कृती तीच, पण एका ठिकाणी तारक आणि दुसऱ्या ठिकाणी मारक. म्हणूनच प्रथमोपचारात आधी ओळख आणि मग कृती असे मी म्हणतो.

अपघातातली आणखी एक मरणवाट फार कमी लोकांच्या ध्यानात येते. बेशुद्ध माणूस पाठीवर पडलेला असतो, जीभ मागे सरकते, तोंडातले रक्त किंवा उलटी श्वासनलिकेत उतरते, आणि जखम मोठी नसतानाही तो गुदमरतो. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सावकाश कुशीवर वळवले, तोंड जमिनीकडे किंचित झुकवले, तर एवढ्यानेही जीव वाचू शकतो. त्याच्या तोंडात पाणी घालणे म्हणजे त्याला कोरड्या जमिनीवर बुडवणे. इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्तही आहे: मणक्याला मार असेल तर हलवल्याने माणूस कायमचा लुळा होणार नाही का? होऊ शकतो. म्हणून शुद्धीवर असलेल्या, श्वास नीट घेणाऱ्या अपघातग्रस्ताला उगाच उठवून बसवू नये, ओढू नये, रिक्षात दुमडून कोंबू नये. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. पण श्वासच अडत असेल तर जपलेल्या मणक्याचा उपयोग तो काय? श्वासाचा मान मणक्याच्या आधी आहे. आगीचा किंवा अंगावर येणाऱ्या गाड्यांचा धोका असेल तेव्हाही हलवावेच लागते.

धोक्याचा विषय हातखंब्याला जास्तच लागू आहे. जुलै 2025 मध्ये गावाजवळ एलपीजीचा टँकर उलटून गळती झाली आणि महामार्ग कित्येक तास बंद ठेवावा लागला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, सखल भागात, गटारात, वहाळाच्या पात्रात साचतो, आणि दूरवरच्या एका ठिणगीनेही पेटू शकतो. अशा वेळी मदतीला धावणाऱ्याचे पहिले काम लांब थांबणे हेच असते: वारा जिकडून येतो त्या बाजूला, उंचवट्याकडे सरकायचे, इतरांनाही तिकडे न्यायचे, गाडी सुरू करायची नाही, काडी पेटवायची नाही, मोबाइलवरून फोन करायचा तोही दूर जाऊन. हे सांगणे निर्दय वाटेल, पण वाचवणाराच बळी पडला तर आधीच्या जखमींना दुसरा माणूस मिळत नाही. गणपतीपुळे किंवा आरे-वारेच्या समुद्रातही हेच घडते. बुडणाऱ्यामागे पोहता न येणारा नातेवाईक उडी घेतो आणि एकाच्या जागी दोघे जातात. दोर, रिकामा कॅन, ओढणी, जे हाती लागेल ते किनाऱ्यावरून फेकणे अधिक शहाणपणाचे. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची रूढी मात्र आता सोडायला हवी. त्याने निघते ते बहुतेक पोटातले पाणी, आणि तेच अन्नासह फुप्फुसात जाण्याची भीती असते. बुडालेल्याची गरज प्राणवायूची आहे. म्हणून त्याच्या बाबतीत आधी तोंडाने श्वास आणि मग छातीचे दाब.

आता दुसरा गट. इथे माझे म्हणणे उलट दिशेने जाते: जागेवर जितके कमी कराल तितके बरे. रत्नागिरी जिल्ह्याचे सडे आणि कातळ ही फुरशाची जुनी वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या जिल्ह्यात फुरसे मारण्यासाठी सरकारने इनाम लावले होते आणि लाखांच्या संख्येने फुरशी मारली गेली. तरी ते संपले नाही. वीतभर-हातभर लांबीचा हा साप वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतो, दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात, बांधाच्या फटीत असतो. त्याचे विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकते. हे एकदा समजले की जुन्या उपायांतला धोका वेगळा सांगावा लागत नाही. ज्याचे रक्त गोठणारच नाही त्याच्या पायावर ब्लेडने चीर देणे म्हणजे न थांबणारी जखम करून ठेवणे. घट्ट दोरी बांधली तर खालच्या भागाचे रक्त तुटते, मांस सडू लागते, आणि सोडल्यावर विष एकदम अंगात पसरते. तोंडाने चोखून विष निघत नाही. करायचे ते इतकेच: धीर द्यायचा, अंगठी, पैंजण, घड्याळ काढायचे, चावलेला अवयव फळीच्या आधाराने हलू न देता ठेवायचा, चालू द्यायचे नाही, आणि जिथे सर्पदंशाची लस आहे तिथे निघायचे. ती कुठे आहे हे वाटेतच फोन करून विचारावे. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. त्या प्रयत्नात दुसऱ्याला दंश होतो, आणि डॉक्टर उपचार ठरवतात ते लक्षणांवरून.

रस्ता हेच औषध असते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा नेपाळच्या तराईतला आहे. दमक भागात स्वयंसेवकांनी सर्पदंश झालेल्यांना मोटारसायकलवरून तातडीने उपचारकेंद्रात पोहोचवण्याची व्यवस्था केली, सोबत गावोगाव लोकशिक्षण केले. दंशितांमधले मृत्यूचे प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले. औषध आधीही होते, ते वेळेत मिळत नव्हते. भारतात दर वर्षी सुमारे 58,000 माणसे सर्पदंशाने मरतात, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. ही संख्या ऐकून कोणी म्हणेल, पण आमच्या गावात विष उतरवणाऱ्याकडे नेलेली माणसे बरी झालेली आहेत. झाली असतील. बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावूनही दर वेळी विष सोडतोच असे नाही. ही माणसे घरी झोपून राहिली असती तरी बरी झाली असती. मांत्रिकाची खरी किंमत ज्यांच्या अंगात विष भिनले होते त्यांनी चुकती केली, आणि ते साक्ष द्यायला उरले नाहीत.

मण्यारीच्या दंशात दोन्ही गट एकत्र येतात, म्हणून तो वेगळा सांगायला हवा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना नगण्य, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, आणि घरचे ‘काहीतरी बाधले असेल’ म्हणून ओवा देतात. पापण्या जड होऊन मिटू लागणे, गिळता न येणे, बोलणे घोगरे होणे ही लक्षणे दिसली की ती रात्र मण्यारीची होती असे समजून निघायचे. विष श्वासाचे स्नायू लुळे करते, हृदय मात्र चालू असते. वाटेत श्वास थांबला तरी तोंडाने श्वास देत राहिल्यास माणूस कृत्रिम श्वासयंत्रापर्यंत जिवंत पोहोचू शकतो. ओळखीने वेळ मिळतो तो असा.

विंचवाच्या बाबतीत ओळखीचे महत्त्व याच महामार्गावर उत्तरेला, महाडमध्ये सिद्ध झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले आणि तरुण दगावत होते. त्यांनी रुग्णांच्या शेजारी बसून लक्षणांचा क्रम टिपला: उलटी, भरपूर घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी आणि हृदय थकणे. त्यांचे निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवणारा लेख तिथेच 1986 मध्ये. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जवळपास 30 टक्के दगावत. नव्या उपचाराने हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. घरच्यांनी यातून घ्यायचा धडा असा की, नुसती वेदना असेल तर घाबरायचे कारण नाही. पण दंशानंतर घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर वेदना कमी झाली म्हणून हायसे वाटून घेऊ नये. रुग्णालय लगेच गाठावे, आणि ही लक्षणे केव्हा सुरू झाली ते सांगावे.

हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची गल्लत तर सुशिक्षित घरांतही होते. छातीत दडपण, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम आणि अस्वस्थता हा हृदयाचा इशारा. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तो नुसता दम लागणे किंवा मळमळ एवढाच असू शकतो. ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपलेली किती माणसे उठलीच नाहीत, याची मोजदाद कोणी केलेली नाही. अशा वेळी माणसाला बसवावे, जिना चढू देऊ नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये; अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर 300 मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पिरिन चावून घ्यायला द्यावे. पक्षाघातात तोंड एका बाजूला ओढले जाते, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते. तिथे हीच गोळी देऊ नये, कारण मेंदूत गुठळी झाली आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिन तो वाढवते. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेव्हा तेल चोळण्यात किंवा ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात रात्र घालवली की ती संधी परत येत नाही. लक्षण पहिल्यांदा किती वाजता दिसले, हे इथे औषधाइतके मोलाचे आहे.

बाकीचे प्रसंग थोडक्यात सांगता येतात. फिट आलेल्याला दाबून धरू नये, दातांत चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे, झटके थांबले की कुशीवर वळवावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर ती आणीबाणी आहे. मधुमेही माणूस घामाघूम होऊन बरळू लागला आणि गिळता येत असेल तर साखर द्यावी. भाजल्यावर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ नको. आंब्याच्या बागेत फवारणी करताना लाळ गळू लागली, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या तर कपडे उतरवून अंग धुवावे, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, औषधाची बाटली सोबत न्यावी. घास अडकलेला माणूस खोकू शकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर वाकवून पाठीवर पाच ठोके, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि अडकलेले निघेपर्यंत हेच. एका वर्षाखालच्या बाळाचे पोट दाबायचे नाही. त्याला पाठीवर ठोके आणि छातीवर दाब.

एवढे सगळे सांगितल्यावर डॉक्टर मंडळींपैकीच काही जण म्हणतात, अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा घातक. वैद्यकाच्या इतर शाखांत मी हे मान्य करीन. इथे नाही, कारण हा युक्तिवाद गृहीत धरतो की न शिकलेला माणूस काहीच करत नाही. वस्तुस्थिती तशी नाही. आपल्याकडे कोसळलेल्या माणसाभोवती गर्दी होते आणि गर्दी काही ना काही करतेच: पाणी पाजते, उठवून बसवते, दोरी बांधते, चीर देते, पोट दाबते. निवड उपचार की निष्क्रियता अशी नसून, वाईट उपचार की साधा उपचार अशी आहे. शिक्षणाचा निम्मा लाभ तर काय करू नये हे कळण्यातच आहे. छातीच्या दाबाने बरगडी मोडते हे खरे. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत सांधते, थांबलेल्या हृदयाला तेवढा अवधी नसतो.

दुसरा आक्षेप 108 चा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली, आत डॉक्टर असतो, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण राज्याचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक. त्या 937 गाड्यांत ते वाटले तर एकेकीच्या वाट्याला सव्वातीनशेहून जास्त चौरस किलोमीटर येतात. गाड्या दुप्पट केल्या तरी चार मिनिटांत प्रत्येक वाडीत पोहोचणे अशक्य. ही सेवेवरची टीका नव्हे. 108 च्या डॉक्टरला काही करता यावे यासाठी त्याच्या येण्यापर्यंत माणूस जिवंत ठेवावा लागतो, आणि ते काम तिथे हजर असलेल्यालाच करावे लागते.

भीतीचा आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण ती उगाच निर्माण झालेली नाही. पोलिसांचे जबाब आणि कोर्टाच्या तारखा यांच्या अनुभवाने लोक मागे सरत गेले. परमानंद कटारा खटला एका स्कूटरस्वाराच्या मृत्यूवरून उभा राहिला: त्याला जवळच्या रुग्णालयाने नाकारून वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले आणि तो वाटेत गेला. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. हे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर 30 मार्च 2016 च्या निकालाने मदतनीसाच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. त्यानुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची, साक्षीदार होण्याची त्याला सक्ती करता येत नाही. 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचारांची केंद्र सरकारची योजनाही आहे. कायदा बदलला, तो तिठ्यावर पोहोचायला मात्र वेळ लागतो आहे. पोलीस मदत केंद्राच्या आणि रुग्णालयाच्या दारावर हे कलम मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला खर्च तो किती येतो?

राहतो प्रश्न शिकवायचे कोणाला. सगळ्यांना, हे उत्तर खरे असले तरी त्याने सुरुवात होत नाही. हातखंब्यासारख्या ठिकाणी अपघाताजवळ सर्वांत आधी पोहोचणारी माणसे ठरलेली असतात: तिठ्यावरचे रिक्षावाले, चहाच्या टपऱ्या आणि हॉटेले चालवणारे, पंक्चर काढणारे, एसटीचे चालक-वाहक, पेट्रोल पंपावरचे कामगार. वाड्यांमध्ये आशाताई, शाळेतले शिक्षक, नववी-दहावीची मुले. यांना छातीचे दाब, रक्त थांबवणे, कुशीवर वळवणे, घास काढणे या चार कृती हाताने करून शिकवायला अर्धा दिवस पुरतो. पण वर्षा-दोन वर्षांनी त्या पुन्हा करून घ्याव्या लागतात, कारण हात विसरतात. पुतळा नसेल तर घट्ट बांधलेल्या गादीवरही दाबाची गती बसवता येते. आणि फोनवर काय सांगायचे याचाही सराव हवा. ‘लवकर या, खूप लागलंय’ याने रुग्णवाहिकेला काहीच कळत नाही. तिठ्यापासून कोणत्या बाजूला, कोणत्या खुणेजवळ, किती जण, कोण बोलतो आहे, कोण नाही, श्वास आहे का, रक्त थांबले का, गॅस, आग किंवा तुटलेली वीजतार आहे का. इतके सांगून झाल्यावर फोन बंद करायचा नाही, स्पीकरवर ठेवून पलीकडचा काय सांगतो ते ऐकत हाताचे काम चालू ठेवायचे. रुग्णवाहिका आली की डॉक्टरला घटनेची वेळ, पट्टी बांधल्याची वेळ, दिलेली गोळी आणि शेवटचे खाणेपिणे सांगायचे, आणि शक्य असेल तर ते कागदावर लिहून रुग्णाच्या खिशात ठेवायचे, कारण रत्नागिरीत त्याला उतरवून घेणारा माणूस दुसराच असेल.